ठेवायची फांदी

मुरबाडात झाड छाटायला माणूस हवा असेल तर पाटी शोधू नका. एसटी स्टँडजवळच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. टपरीवाला आधी झाड कुठलं ते विचारेल. आंबा असेल तर एक नाव सांगेल, माड असेल तर दुसरं, आणि उंबर म्हणालात तर ‘कशाला हात लावताय दत्ताच्या झाडाला’ म्हणत चहा पुढे सरकवेल. निदान आणि दुसरं मत, दोन्ही एका कटिंगमध्ये.

मी ज्यांना बोलावतो त्यांना सगळा गाव मामा म्हणतो. त्यांची खरी भाचरं किती, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मामा येतात ते कमरेला मागे आकडी, आकडीत कोयता आणि खांद्यावर दोराचं भेंडोळं घेऊन. सोबत एक पोरगा असतो, त्याच्याकडे कटर मशीन. मशीन मोठ्या खोडासाठी. बाकी भिस्त कोयत्यावर, कारण मशीन चालू झाली की शेजारी जागे होतात आणि ‘आमच्याकडची पण एक फांदी’ म्हणत कुंपणाशी उभे राहतात.

आल्याबरोबर मामा झाडावर चढत नाहीत. झाडाभोवती फिरतात. कोयत्याची पाठ खोडावर वाजवतात आणि आवाज ऐकतात. पोकळ खोडाचा आवाज वेगळा. मग वर बघतात. तांबड्या डोंगळ्यांनी पानं शिवून केलेलं घरटं कुठे आहे, मोहोळ आहे का, वाळकी फांदी कुठल्या हिरव्या फांदीवर रेललीय. हे सगळं होईपर्यंत घरमालकाचा जीव वरखाली होत असतो. माणूस रोजावर लावलाय आणि तो नुसता मान वर करून उभा! म्हणून शहाणी माणसं काम उक्तं देतात. मग मामांनी दिवसभर मान वर केली तरी ती त्यांची मान.

उक्त्या कामात पैसे लवकर ठरतात. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: लाकूड कुणाचं? ज्या फांदीला काल ‘कटकट’ म्हटलं होतं, ती खाली पडताच घरची मालमत्ता होते. गॅस असलेल्या घरातल्या आजींना एकाएकी चुलीवरच्या भाकरीची आठवण येते. आजोबा आतून ओरडतात, ‘बुंधा ठेवा रे, पाट होतील त्याचे.’ ते पाट कधी होत नाहीत. बुंधा कुंपणाशी पडून राहतो, त्यावर कोंबड्या बसतात, दोन पावसाळ्यांनी त्याला अळंब्या येतात. मामा हे सगळं ओळखून असतात. ‘ठेवा ना,’ म्हणतात, ‘पुढच्या सालाला मीच नेईन. तेव्हा न्यायचे पैसे पडतील.’

वर चढल्यावर मात्र मामांचं बोलणं थांबतं. मोठी फांदी काढायची तर ते पहिला घाव खालून घालतात. वरून एकदम कापली की फांदी आपल्या वजनाने लटकते आणि खोडाची साल पार खालपर्यंत सोलत नेते. खालची खाच झाली की थोडं पुढे जाऊन वरून काप, आणि उरलेला थोटका शेवटी. तोही खोडाशी सपाट कापत नाहीत. फांदी जिथून निघते तिथे सालीचा फुगवटा असतो, तो राखतात. ‘तिथून झाड तोंड मिटतं,’ असं मामांचं म्हणणं. अमेरिकेत ॲलेक्स शिगो नावाचे वनशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून पाहिली आणि सांगितलं की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून बंद करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. तो फुगवटा कापला तर या बंदोबस्ताचं दारच मोडतं. मामांनी शिगोंचं नाव ऐकलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘एवढी झाडं चिरली, मग लाकूड कुणी नेलं?’

ही विद्या इथे आजची नाही. मुरबाड-शहापूरचा शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो. थंडीत ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रोपाच्या जागेवर पसरायचे, वर माती लोटायची आणि उन्हाळ्यात पेटवायचं. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, रोप लावणीला सहज उपटतं. या राबासाठी किती फांद्या तोडायच्या यावरून इंग्रजांच्या जंगलखात्याचं आणि इथल्या लोकांचं इतकं वाजलं की 1885 मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास वन आयोग नेमावा लागला. साहेबाला वाटे, हे लोक जंगल संपवताहेत. शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं: पुढच्या साली मला याच ऐनाकडे यायचंय, त्याला मारून कसं चालेल? दोन्ही बाजूंचे अतिरेक असतीलच. पण आजही धसई-टोकावड्याकडे जाताना बांधावर अंगभर गाठी आलेले, वर तुरा राखलेले ऐन दिसतात. कुणाच्या तरी आजोबापणजोबांनी त्यांच्यावरचा तुरा दर साली राखला, म्हणून ते आज उभे आहेत.

आमचं दुखणं असं की आम्ही मजुरी खाली पडलेल्या ढिगावर मोजतो. ढीग मोठा दिसला तर समाधान. मामांचं कसब वर राहिलेल्या फांद्यांत असतं, आणि त्यांचे पैसे कुणी देत नाही. ‘ती पण घ्या ना, ती पण,’ असं खालून ओरडणारे यजमान प्रत्येक घरी असतात. मामा ऐकू न आल्यासारखं करतात. उंचीचा हा एक फायदा.

पावसाळा जवळ आला की वीजवाल्यांची माणसंही येतात. त्यांचा हिशेब तारेपासून सुरू होतो आणि तारेपाशी संपतो. तारेच्या बाजूचं झाड अर्धं होतं, उरलेलं अर्धं एका अंगाला कलतं आणि पहिल्या वाऱ्याला रस्त्यावर निजतं. त्यातून गुलमोहर असेल तर विचारूच नका. मादागास्करहून आलेलं हे झाड दिसायला देखणं, लाकडाने ठिसूळ. तारांचं आणि मुरबाडचं वैर तसं जुनं. याच तालुक्याच्या डोंगरात, सिद्धगडावर, 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने इंग्रजांची वीज तोडायला तारांचे मनोरे पाडले होते. आता तारा आपल्या आहेत, तेव्हा पडायची पाळी झाडांची.

कायदा मामांना तोंडपाठ आहे, फक्त त्यांच्या भाषेत. गावाकडे 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा, शहरात 1975 चा झाडं जपण्याचा. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, ऐन, खैर यांपैकी काही पाडायचं असेल तर झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी आधी परवानगी लागते. कल्याण-बदलापूरच्या बंगल्यातून कुणी ‘गुपचूप येऊन आंबा पाडून जा’ म्हणालं तर मामा विचारतात, ‘कागद हाय का?’ नसला तर फोन ठेवतात. गुपचूप झाड पाडणं ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटते. ‘झाड पडताना काय शेठला विचारून आवाज करतंय?’

मामांच्या विरंगुळ्याबद्दल मला मोठं कुतूहल होतं. माणूस दिवसभर झाडावर, मग सुटीच्या दिवशी कुठे? पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरते, तिथे ते नेमाने जातात. बैल घ्यायचा नसतो, पण बैलाचे दात बघायचे असतात. घोंगडीचा भाव करून ती न घेता पुढे जायचं असतं. रात्री तंबूत लोकनाट्य. पण तंबूतही त्यांचं लक्ष वरच असतं, हे मी स्वतः पाहिलंय. ‘गुरुजी, हा दोर ज्या फांदीला बांधलाय ना, ती वाळकी हाय.’ लग्नात मांडवावरचा आंबा, एसटीतून जाताना रस्त्याकडेची चिंच, तेराव्याला गेले तरी मागच्या दारचा फणस, सगळ्यांची ते फुकट तपासणी करतात. धंदा आणि करमणूक यांत अंतर न राहिलेला इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मास्तरकीत हे साधत नाही. सुटीच्या दिवशी वह्या तपासून मला कधी आनंद झालेला नाही.

एकदा त्यांना सांगितलं की परदेशात झाडावर चढण्याच्या स्पर्धा होतात. हेल्मेट घालून, पट्टे बांधून भराभर चढायचं, फांद्यांच्या टोकाला घंटा टांगलेल्या असतात त्या वाजवायच्या आणि खाली यायचं.

‘आणि फांद्या?’

‘फांद्या तोडत नाहीत.’

‘आंबे?’

‘आंबेही काढत नाहीत.’

मामांनी बराच विचार केला. ‘मंग घंटा देवळात वाजवली तर काय होईल?’

हेल्मेट आणि पट्ट्याचा मुद्दा मात्र त्यांनी हसण्यावारी नेला नाही. उंचावरून पडलेली माणसं त्यांनी पाहिलीत. पोराला ते आता कमरेला दोर बांधल्याशिवाय वर चढू देत नाहीत. स्वतः कधी बांधतात, कधी नाही, आणि यावर त्यांच्याशी वाद घालायची आमच्यात कुणाची छाती नाही. मामींची आहे. त्यांनी पट्टा विकत आणायला लावलाय, तो सध्या बैलाच्या गोठ्यात खुंटीवर आहे.

तर सांगायचं हे की झाड दाखवायचं असेल तर शिमगा झाला की लगेच निरोप धाडा. चढायच्या आधी चहा द्या, लाकडाचं काय ते बोलून घ्या, दोर आणि पट्टा बांधल्याशिवाय वर पाय ठेवू देऊ नका, आणि माणूस वर असताना खालून फांद्या दाखवू नका. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर फोन करून उपयोग नाही. ओढ्याला नवं पाणी येतं, मासे उलटे वर चढायला लागतात, आणि मामा वळगणीला, म्हणजे ते मासे धरायला, गेलेले असतात. तिथून लावणी. दसऱ्यापर्यंत ते मिळत नाहीत.