सत्कार नको, पाळणाघर द्या

८ मार्चला साताऱ्यापासून कुपवाडपर्यंत कारखान्या-कारखान्यांत बायकांना गुलाबाचं फूल मिळतं, भाषण मिळतं, फोटो निघतो. ९ तारखेला त्यातलीच एखादी तान्ह्या बाळाला शेजारणीकडे ठेवून पाळीवर येते, जीव सगळा घराकडे. सहा महिन्यांनी ती काम सोडते आणि साहेब सांगतात, बायका टिकत नाहीत. टिकायची सोय कुणी केली होती?

बायकांची सोय पाहायची म्हणजे काय, ते माणदेशातल्या एका बँकेने दाखवलं. म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी पैसे साठवायचे होते. एवढ्या लहान रकमेचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण सभासद बायकांचे कागदावर अंगठे होते. त्या घरी आल्या, लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला लावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही हकिकत भाषणांत नेहमी येते. मला तिच्यापुढची जास्त मोलाची वाटते. बँकेत यायचं तर बाईचा बाजार बुडतो, म्हणून बँकेची माणसं तिच्या दारात आणि बाजारात गेली. पासबुक घरी नेलं की नवऱ्याच्या हाती लागतं, अशी तक्रार आली. त्यावरही बँकेने वेगळा मार्ग काढला. तुम्ही बदला, असं तिथे बायकांना कुणी सुनावलं नाही. बँक बदलली.

आमचे कारखानदार हे का करत नाहीत? बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हेही त्यातच आहे. 'आमच्याकडे बायका मोजक्याच' ही सबब चालत नाही, कारण कायदा ५० कर्मचारी मोजतो, ५० बायका नव्हे. त्याच दुरुस्तीने पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवडे केली. पण ती मिळायला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं. ठेकेदाराच्या वहीत जिचं नावच धड लागत नाही, तिने हे ८० दिवस कुठून दाखवायचे? तासगावात बेदाणा निवडणाऱ्या, सांगलीत हळद साफ करणाऱ्या बायकांना विचारा.

लैंगिक छळाच्या तक्रारीचंही तेच. दहा कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवी, हे २०१३ च्या कायद्यात आहे. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. त्या समितीचा पत्ता आणि फोन प्रत्येक दुकानात, प्रत्येक गाळ्यात मराठीत लावा. एका कागदाचा खर्च आहे.

आणि सगळ्यात आधी उसाच्या फडात जा. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांना ऊस तोडून देणारी जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, पहाटे स्वयंपाकही तिचाच. उचल मात्र मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. तिच्या कष्टाचा वेगळा आकडा कुठल्याच कागदावर नसतो. बाळंतपण, आजारपण, अपघात, कशातच ती मग कामगार ठरत नाही. साखर कारखान्यांच्या अध्यक्षांनी मनावर घेतलं तर हे एका हंगामात बदलेल: करारावर तिचं नाव, तिची सही, तिच्या वाट्याची रक्कम तिच्याच खात्यावर, आणि फडाजवळ शौचालय. उचल दसऱ्याच्या आधीच वाटली जाते. तेव्हा अध्यक्षांनो, मुकादमाशी करार करतानाच ही अट घाला.