कंडेन्सरकाकांचा पंचनामा

कंडेन्सरकाकांना आपण ओळखता. टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या बहुतेक मराठी गृहस्थांच्या तळघरात ते कधी ना कधी उतरलेले आहेत, आणि कॅल्गरी-व्हँकूवरकडच्या मंडळींच्या वाट्यास त्यांचा एखादा समानधर्मी आलेला असतोच. नाव निराळे, सदऱ्याच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर तोच. यजमानीणबाई पाने वाढल्याचे सांगण्यास आल्या असता ज्यांचे मस्तक दूरचित्रवाणी-संचाच्या पाठीमागे अदृश्य झालेले असते, आणि "बोर्ड धडधाकट आहे हो, त्याच्यावरचा एक कंडेन्सर तेवढा मेलाय" एवढाच ज्यांचा आवाज पलीकडून येतो, ते हे सद्गृहस्थ. वर्णाऐवजी गुण मोजून परदेशस्थांना प्रवेश देण्याची पद्धत कॅनडाने १९६७ साली सुरू केली, तिचा लाभ घेऊन आलेल्या पिढीतले ते. आणि सगळे जग कपॅसिटर म्हणू लागले तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या उमेदवारीच्या काळातला कंडेन्सर त्यांनी सोडलेला नाही.

त्यांनी दुरुस्ती करून जेवायला बसावे, यास कोणाचीच हरकत नसती. पण ते पंचनामा करतात. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेरीत कारकून होते, आणि त्या कचेरीतली लेखनशैली हीच काकांना मिळालेली एकमेव वडिलार्जित इस्टेट असल्यामुळे ती त्यांनी मिसिसॉगात अद्याप अभंग राखली आहे.

प्रथम संचाची वायर भिंतीतून काढली जाते. तरीही काका घटकाभर हात लावीत नाहीत. कारण येथली घरगुती वीज १२० व्होल्टची असली तरी आतला मोठा कंडेन्सर त्याहून कितीतरी अधिक दाब पोटात धरून बसलेला असू शकतो. मीटरचा आकडा शून्यावर आल्याची खातरजमा झाली म्हणजे मग दिवा, मग भिंग, आणि मग प्रेतांचा शोध. निरोगी कंडेन्सरचे डोके सपाट असते आणि आत वायू साठलाच तर तो वाटेने बाहेर पडावा म्हणून त्यावर मुद्दाम रेघा कोरलेल्या असतात; ज्याचे डोके तव्यावरच्या फुलक्यासारखे वर आले असेल किंवा ज्याच्या बुडाशी तपकिरी ओघळ सुकलेला दिसेल, तो मयत. काही मात्र डोके सपाट राखून आतल्या आत सुकून मेलेले असतात, व ते ईएसआर मीटर लावल्याखेरीज उमगत नाही. असे नमुने आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतही आहेत, हे काका प्रत्येक वेळी, आणि शक्यतो कार्यकारिणीच्या सभासदासमक्ष, नमूद करतात.

नवा कंडेन्सर निवडताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा चढे, उष्णतेची मर्यादा १०५ अंश, आणि अंगावर पट्टा असेल ती बाजू ऋण. ती उलटी बसली तर कंडेन्सरचा फटाका होतो. २००६ नंतरच्या बोर्डांवर बहुधा शिशाविरहित डाख असतो, आणि तो २१७ अंशांच्या आत वितळण्यास राजी नसतो. तेव्हा काका त्यात जुन्या पद्धतीचा शिशाचा डाख थोडा कालवून त्याचे मन वळवतात, राळेचा धूर दिवाणखान्यात पसरतो, आणि आमटी पुन्हा गरम होण्यासाठी आत जाते.

संच सुरू होतो. लोक टाळ्या वाजवून पानांकडे वळतात, तोच काकांची लांबट वही उघडते: "मौजे मिसिसॉगा, प्रांत पील. आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर कंडेन्सर, मायक्रोफॅरड १०००, व्होल्ट १०, मस्तकी फुगलेला व बुडाशी स्राव असलेला, आमचे देखत बोर्डावरून अलग करण्यात आला. मृत्यूचे कारण, वर्षानुवर्षांची उष्णता व निर्मात्याची काटकसर." यावर दोन पंचांच्या सह्या लागतात, आणि श्रीखंडाची बोटे ही सबब काकांच्या दप्तरी ग्राह्य नाही. गणेशोत्सवात ध्वनिवर्धक बंद पडला, तेव्हा गायक तंबोरा मांडीवर घेऊन ताटकळले. पंचनामा पुरा झाल्याशिवाय ध्वनिवर्धकाचे झाकण बसले नाही. काकांच्या कॅनेडियन जावयाने तर लग्नाआधीच पंच म्हणून सह्या केल्या आहेत, आणि आपण कशावर सह्या करतो आहोत हे त्याला आजतागायत ठाऊक नाही.

काकांचे सुवर्णयुग म्हणजे या शतकाचे पहिले दशक. सदोष रसायन भरलेले, मुख्यत्वे तैवानी बनावटीचे कंडेन्सर जगभरच्या संगणकांत शिरले आणि हायड्रोजन साठून त्यांची डोकी पटापट फुगली. ज्या साथीमुळे मोठमोठ्या कंपन्यांस घाम फुटला, तिच्याविषयी काका आजही तृप्त चेहऱ्याने बोलतात. उलट, दारातल्या गोरिलासाठी प्रसिद्ध असलेले क्वीन स्ट्रीट वेस्टवरचे 'ॲक्टिव्ह सर्प्लस' हे सुट्या भागांचे दुकान २०१५ साली बंद झाले, तेव्हा त्यांनी सुतक पाळले.

मागे एका जानेवारीत, बाहेर उणे बावीस असताना, आमचा फर्नेस बंद पडला. ऑंटारिओत गॅसच्या यंत्राला हात लावण्यास 'टेक्निकल स्टँडर्ड्स अँड सेफ्टी अथॉरिटी'चा दाखला लागतो. काकांपाशी तो नाही, आणि कायदा म्हणजे कायदा, म्हणून ते ओव्हरकोट घालून जिन्यावर नुसते बसून राहिले. दाखलेवाले तंत्रज्ञ आले, त्यांनी अख्खा बोर्ड बदलला, कित्येकशे डॉलरांचे बिल दिले आणि ते गेले. काकांनी जुना बोर्ड छातीशी धरून घरी नेला. मध्यरात्री फोन वाजला: "रिलेजवळचा छोटा कंडेन्सर. पंचवीस सेंट. सकाळी सहीला या."

सहीला गेलो असता ती वही प्रथमच मागल्या पानांपासून चाळली, आणि काकांविषयी चार बरे शब्द लिहिणे भाग पडले. मंडळाचे जुने दप्तर कधीचे गहाळ झाले; पण कोणते कुटुंब कोणत्या साली कोणत्या रस्त्यावर राहत होते, कोणाकडे पहिला व्हीसीआर आला, हे सारे येथे पंचांच्या सह्यांनिशी सुरक्षित आहे. मोडीचे वळण न सुटलेल्या एका आजींची सही आहे. त्या आजींचा नातू आता मराठी बोलत नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपच्या चार्जरापुढे 'मेहनताना' या रकान्यात 'चहा' असे लिहिले आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढेही नाही. सह्या करणाऱ्यांपैकी निम्मे आज हयात नाहीत. अलीकडच्या पानांवर पंचांची जागा बहुधा कोरीच. नवा संच स्वस्त पडतो आणि जुना रस्त्याकडेला ठेवला जातो.

काकांचा हातही आता कापतो, आणि नव्या बोर्डांवरचे भाग खसखशीएवढे. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये सी-२४४ हे विधेयक संमत होऊन दुरुस्तीसाठी वस्तूचे डिजिटल कुलूप उघडण्याची मुभा कॅनडाच्या कॉपीराइट कायद्याने दिली, तेव्हा त्यांनी ते मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवले. त्यात निर्मात्याने सुटे भाग पुरवावेत असे कलम नाही, ही त्रुटी त्यांनी वहीत पंचांसमक्ष नोंदवली. पंच मीच.

तरी वाचकांस विनंती की, घरात कोणताही बोर्ड बदलावा लागल्यास जुना तंत्रज्ञाच्या गाडीत जाण्यापूर्वी मागून घ्यावा. काका येऊन नेतील. जेवणाची वेळ टाळून बोलावणे इष्ट, आणि सहीसाठी दोन माणसे घरात असू द्यावीत.