मागे कोण बसणार?

शोरूममधला पोरगा गाडीची तिसरी रांग मोठ्या कौतुकाने दाखवतो, आणि ती पाहून गाडी घेणारा माणूस त्या रांगेत जन्मात बसत नाही. सेव्हन सीटरचा सगळा धंदा यावर चालतो. घरात माणसं किती? नवरा, बायको, दहावीतली मुलगी आणि गावाहून अधूनमधून येणारी आई. तरी जागा सातच हव्यात, कारण "उद्या कुणी आलं तर?" ही धास्ती आपल्याकडे पिढीजात आहे.

ते उद्या येणारं कुणी म्हणजे मी. माझ्याकडे गाडी नाही. साडूंकडे आहे, मावसभावाकडे आहे, शेजाऱ्यांनी तर या दसऱ्याला चाकाखाली लिंबू चिरडून नवीकोरी आणली. यातल्या एकाही गाडीची पुढची सीट कशी आहे हे मला विचारू नका. मागच्या सीटचं मात्र काहीही विचारा, माझा अधिकार गुडघ्यांतून आलेला आहे.

मुळात ही रांग येते कुठून? टाटांची पाच जणांची हॅरियर २०१९मध्ये आली. २०२१मध्ये त्याच हाडापेराची सफारी आली, सहा-सात जणांची. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दोन्हींत तेच, २,७४१ मिलिमीटर. एकूण लांबी वाढली ६३ मिलिमीटरनी. अडीच इंच! मागचं छत थोडं उचललं आणि अडीच इंचांत दोन प्रौढ माणसं बसवली. टेरेस आत घेऊन हॉल मोठा करणाऱ्या आपल्या बिल्डरांनाही हे जमलेलं नाही. ह्युंदाईने क्रेटाची अल्काझार करताना जरा दया दाखवली, दोन चाकांमध्ये १५० मिलिमीटर वाढवले. ते बहुतेक मधल्या रांगेनेच खाल्ले, असं माझे गुडघे म्हणतात.

गाडी निघायच्या आधी पार्किंगमध्ये जे नाटक होतं, ते मात्र तिकीट लावून दाखवावं. "मी बसते हो मागे." "नको ताई, तुमचे गुडघे!" "अहो, माझे काय, तुमचीच कंबर." प्रत्येक जण आग्रहाने मागे बसायला निघतो आणि बोलता बोलता मधल्या रांगेत स्थिरावतो. इथे वय चालत नाही, कागदपत्रं चालतात. ज्याच्याकडे एमआरआय आहे तो मधे. नुसता एक्सरे असेल तर बघू. जावई असेल तर तो पुढे, त्यावर चर्चा नाही. सासूबाई मधे, खिडकीशी. धाकट्या सुनेला मागे 'आवडतं'. तिला हे कुणी विचारलेलं नसतं, पण लग्न झाल्यापासून तिला मागेच आवडतं. तिच्या शेजारी मी, आणि आमच्या दोघांच्या मधे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, कारण तो खाली ठेवला तर कलंडतो.

आत शिरणं हा वेगळा खेळ. बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेची डावीकडची सीट पुढे उलथते आणि एक फट उघडते. त्या फटीतून आधी डोकं घालायचं की आधी बूड, यावर दोन मतं आहेत. मी दोन्ही करून पाहिलं आहे, टेंगूळ दोन्हींत येतं. सहा आसनी गाडीत मधे दोन कॅप्टन सीट असतात, त्यांच्या मधल्या वाटेने सरळ मागे जाता येतं म्हणे. म्हणे अशासाठी, की त्या वाटेत पाण्याचा पाच लिटरचा कॅन असतो.

एकदा आत गेलं की पुढच्याची मर्जी होईपर्यंत सुटका नाही. चहाला गाडी थांबते, सगळे उतरून हातपाय मोकळे करतात. तुम्ही काचेतून बघता. मागची काच उघडत नाही. मग तुमचा चहा मधल्या रांगेतून हस्ते परहस्ते येतो आणि येईपर्यंत कटिंगचा घोट होतो. एवढ्यात चालवणाऱ्याचा आवाज: "जरा मान खाली घ्या ना, आरशात मागचं दिसत नाहीये." गाडीला चहूबाजूंनी कॅमेरे आहेत, त्यासाठी जादा पैसे मोजलेत, तरी मान माझीच खाली.

सुरक्षेचं विचाराल तर गाडीला पाच स्टार असतात. हे स्टार देणारी भारत एनकॅप चाचणी २०२३मध्ये सुरू झाली आणि तीत पहिले पाच स्टार मिळाले ते याच हॅरियर-सफारीला. अभिमानाची गोष्ट. आमच्या साडूंनी मात्र गाडी घरी आल्याबरोबर सीटकव्हरं शिवून घेतली, त्यामुळे मागच्या बेल्टांची बक्कलं कव्हरखाली कायमची दडली आहेत. मी एकदा बोटांनी उकरून शोधायला लागलो, तर मेहुणीबाई म्हणाल्या, "राहू दे हो भाऊजी, मागे कोण पकडतंय!" स्टार आहेतच की.

गणपतीत कोकणात निघालं की या गाडीची खरी परीक्षा. तिन्ही रांगा उघडल्यावर सामानाला उरते ती जागा त्या २०२१च्या सफारीत ७३ लिटर होती, म्हणजे एक सुटकेस उभी आणि कोपऱ्यात चपला. मखर, समया, आईची कपड्यांची पिशवी आणि नारळ कुठे जाणार? टपावर कॅरिअर बसतो. कॅरिअरवर सामान, सामानावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. आणि या सगळ्याच्या खाली असतो पॅनोरमिक सनरूफ, ज्याच्यासाठी वरचं मॉडेल घेतलं. मान वर केली की आभाळाऐवजी समईच्या बुडाचा आकार दिसतो.

मग मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरण २०११पासून चालू आहे. दहावीतली ती मुलगी तेव्हा पाळण्यात असेल. सरकार गणपतीत टोलमाफीचा पास देतं, कंबरेसाठी काही देत नाही. तिसरी रांग बरोबर मागच्या चाकांवर असते, त्यामुळे पुढच्यांना जो 'छोटासा खड्डा' वाटतो तो आम्हाला मणक्यामणक्याने मोजता येतो. गाडीत एडास नावाचं शहाणपणही भरलेलं असतं. पट्टा सोडला की ते चालकाला टोकतं, पण रस्त्यावर पट्टेच नसले की बिचारं गप्प बसतं. मात्र माणगावात रिक्षा आडवी आली की ते स्वतःच करकचून ब्रेक मारतं. चालवणाऱ्याचा जीव वाचतो, आमच्या मांडीवर पुऱ्या सांडतात. घाट लागला की मागचं अंग आणखी झोके घेतं, आणि आवळासुपारी, लिंबू, प्लॅस्टिकची पिशवी या क्रमाने वस्तू मागे यायला लागतात. पुढे जावई विचारतो, "मागे एसी लागतोय ना?" लागतो. आमचा वेगळा झोत आहे, थेट कानात.

"एसयूव्ही आहे, कुठेही जाते," हे ऐकलं की मला मौज वाटते. यातल्या बहुतेक गाड्यांना जोर फक्त पुढच्या दोन चाकांचा. गुहागरला वाळूत गेल्या तर दोरखंड आणि ट्रॅक्टर लागतो, आणि ढकलायला तिसरी रांगच उतरते. तेवढ्यापुरती मधली सीट चटकन उलथते. सरकारला मात्र चाकांशी देणंघेणं नाही, त्याची पट्टी लांबीवर आणि इंजिनावर चालते. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के जीएसटी, वरच्यांना ४०. पूर्वी सेस धरून मोठ्या डिझेलवाल्यांना ५० पडायचा, म्हणून चाळीसला लोकांनी पेढे वाटले. पेढे मी मागे बसूनच खाल्ले.

एवढी दौलत वर्षभर करते काय? एकट्या साडूंना घेऊन हिंजवडीला जाते. सिग्नलला थांबत, रांगत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आणि नेमकं हेच डिझेलच्या गाडीला सोसत नाही. बीएस सिक्स आल्यापासून धुरातली काजळी अडवायला डीपीएफ नावाची जाळी असते. ती भरली की काजळी जाळावी लागते, त्याला सुमारे सहाशे अंश उष्णता लागते आणि ती शहरातल्या रांगण्यातून येत नाही. म्हणून डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो: मला मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं दामटवा. लाखो रुपयांच्या गाडीला प्रकृतीसाठी सहलीला न्यावं लागतं.

तो दिवा परवा लागला. साडूंचा फोन आला. "रविवारी काय करताय? लोणावळ्यापर्यंत जाऊन येऊ, गाडीचा फिल्टर भरलाय."

"कोण कोण?"

"आपण दोघं नि बायका. चौघंच."

चौघं! बायका पुढेमागे कशाही बसोत, मधल्या रांगेत एक जागा माझी ठरलेली. इस्त्रीची पँट घालून वेळेआधी खाली उतरलो. डावीकडची मधली सीट उलथवून साडू दार धरून उभे. खिडकीशी त्यांचा लॅब्रेडॉर, जीभ बाहेर काढून, ऐसपैस.

"सॉरी हं," साडू म्हणाले. "काय आहे, ब्रूनोला मागे बसवलं की मळमळतं."