चंद्र ठीक

तारांगणातून बाहेर पडताना दाराशी एक अभिप्राय वही असते. सुतळीने बांधलेलं पेन असतं, ते दोनदा झटकल्याशिवाय चालत नाही. परवा भर मे महिन्याच्या दुपारी, माणूस चंद्रावर कसा गेला याचा माहितीपट बघून बाहेर आलो आणि वही चाळली. ‘एसी उत्तम.’ ‘एसी छान, खुर्च्या आरामदायी.’ ‘एसी जरा कमी ठेवावा, आईंचे गुडघे धरले.’ आणि त्याखाली, सही-तारखेसकट : ‘एसी एक नंबर. चंद्र ठीक.’

चंद्र ठीक! मेसच्या दुधी भोपळ्याला म्हणतात, तसं.

आत काय झालं ते मी पाहिलंय. खुर्च्या मागे कलल्या, दिवे मालवले. घुमटावर अपोलो 11 उतरत होतं, इंधन संपत आलेलं, संगणक 1202 क्रमांकाचा इशारा देतोय, खाली बघावं तिकडे धोंडे. आणि माझ्या उजव्या हाताच्या घोरण्याने त्याच वेळी कक्षा गाठली. डावीकडे वेफर्सचं पाकीट फुटलं.

बरं, थंडाव्याचंच कौतुक असेल तर तेही त्या पडद्यावर होतंच की. चांद्रवीरांच्या अंगाला चिकटून बारीक नळ्यांचा गंजीफ्रॉक असायचा, नळ्यांतून गार पाणी खेळायचं. म्हणजे अंगावर एसी घालूनच चाललेली ही माणसं. हल्लीचंच बघा. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान 3 उतरलं, तेव्हा याच मंडळींनी पेढे वाटले, ढोल बडवले, ‘आपण पोचलो’ म्हणून गळ्यात गळे घातले. त्या आपल्या यानाने मातीत एक सळई खुपसून तापमान मोजलं. वर पन्नास अंशांहून जास्त आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. चार बोटं खोल गेलं की फ्रीझर! ध्रुवाजवळच्या काही विवरांत तर ऊन कधी शिरतच नाही, तिथे पारा उणे दोनशेच्याही खाली. वहीतल्या एसीवाल्यांना हे कळलं असतं, तर घुमटाखालीच बुकिंग सुरू झालं असतं. नैसर्गिक सेंट्रल एसी, लाइट बिल शून्य, स्टेशनपासून पाच मिनिटं. ताबा मिळाला की पहिली सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक एक : एसीच्या बाहेरच्या युनिटचं पाणी खालच्या विवरात ठिबकतं. विषय क्रमांक दोन : बारा माणसांनी उठवलेली पावलं पुसून पेव्हर ब्लॉक बसवणे.

हसायला ठीक आहे. पण पुढच्या रांगेत सहा-सात वर्षांचा एक मुलगा होता. सगळ्या सभागृहात जागा असलेला बहुधा तो एकटाच. त्याने मोठ्यांदा विचारलं, “बाबा, ते चंद्रावर शी कुठे करायचे?” बाबांनी दंडाला चिमटा काढला. “गप्प बस. लोक काय म्हणतील?” कुठले लोक हो? घोरणारे? वेफर्सवाले? त्या अंधारात चंद्राबद्दल निघालेला एकमेव प्रश्न होता तो, आणि त्याला उत्तरही आहे : पिशव्यांत करायचे. 382 किलो दगडमाती परत आणायची म्हणून वजन कमी करायला त्या पिशव्या तिथेच टाकून आले, अजून पडून आहेत. एवढं सांगितलं असतं तर ते पोर जन्मभर चंद्र विसरलं नसतं. घरी दहावीच्या टक्क्यांसाठी विज्ञानाची शिकवणी लावायची आणि पोराने खरोखरीचं विज्ञान विचारलं की चिमटा काढायचा. असल्या बापांना घुमटाच्या दारातच अडवलं पाहिजे. एसी बाहेर मॉलमध्येही आहे, तो फुकटही आहे!

असो. माझं रक्त तापलं होतं, म्हणून मीही चार खरमरीत ओळी लिहायला पेन झटकलं. तेवढ्यात नजर शेवटच्या नोंदीवर गेली. बाबा पार्किंगची पावती शोधत असतानाच ती उमटली असावी. ‘सूचना’च्या रकान्यात, ओळीबाहेर घसरत गेलेल्या अक्षरांत :

‘शीचं पण दाखवा.’