वेळेवर लेख देणारे गृहस्थ

मराठीत दिवाळी अंकासाठी लेख कबूल करणारे लेखक उदंड आहेत. देणारेही बरेच आहेत. पण सांगितलेल्या तारखेला, सांगितलेल्या लांबीचा लेख देणारा माणूस एखाद्याच अंकाच्या नशिबी येतो, आणि मग त्या अंकाचे संपादक त्याचा फोन नंबर दुसऱ्या संपादकाला देत नाहीत. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या लेखकांच्या सबबी कुणी नोंदवून ठेवल्या असत्या तर एव्हाना त्यांचा कोश झाला असता, प्लेगपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं त्यात आलं असतं. आमच्या या गृहस्थांनी त्या कोशात एका शब्दाचीही भर घातलेली नाही.

निमंत्रणाची पत्रं जूनच्या अखेरीस जातात. मजकूर सर्वांना एकच, त्यात ‘आपली सिद्धहस्त लेखणी’ ठरलेली. एका वर्षी यांना गेलेल्या पत्रात पाकिटावर नाव यांचं आणि आत भलत्याच लेखकाचं. दुसरा कुणी असता तर पुढची दहा वर्षं हा किस्सा व्यासपीठावरून सांगत फिरला असता. यांचं उत्तर आलं : ‘पत्र पोचलं. आतलं नाव माझं नाही. माझ्या नावाचं पत्र त्यांच्याकडे गेलं असेल तर तेवढं बघून घ्या, ते जरा मनाला लावून घेतात.’

खाली तीन प्रश्न होते. लेख किती शब्दांचा हवा? कधीपर्यंत? आणि गेल्या वर्षीचा अंक वाचायला मिळेल का?

तिसऱ्या प्रश्नानं संपादक मंडळात घबराट पसरली. अंकात लिहिणारा माणूस अंक वाचतो, हे कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लेखक आपला लेख वाचतो, त्यातला मुद्रणदोष शोधतो आणि अंक घरच्यांच्या हाती देतो. घरचे राशिभविष्य काढतात. या गृहस्थांनी अंक पहिल्या पानापासून वाचला, वर विचारलं, ‘तुमचे वाचक बरेचसे तालुक्याच्या गावचे दिसतात, पत्रांवरून. मग मी पुण्यातल्या पेठांवरचे विनोद टाळू का?’ मला वाटतं त्यांची सगळी हुशारी या एका प्रश्नात आहे. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलेला माणूस आधी त्या घरात तिखट किती खातात ते बघतो, तसं हे. बाकीचे आपला डबा घेऊन येतात आणि यजमानांना तो गरम करायला सांगतात.

डब्यावरून आठवलं. एकच लेख शीर्षक बदलून तीन अंकांना देण्याची एक जुनी कला आहे. एका अंकात ‘आठवणीतला पाऊस’, दुसऱ्यात ‘पाऊस आणि मी’, तिसऱ्यात नुसता ‘पाऊस’. तिन्ही संपादकांना हे दिवाळीत कळतं, आणि तेही वाचकाकडून. आमचे गृहस्थ वर्षाला दोनच अंकांत लिहितात आणि दुसरा अंक कोणता, विषय काय, हे आपण होऊन कळवतात. इतका सरळपणा पाहिला की संपादकाला संशय येतो. आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठांचं तर स्पष्ट मत होतं की जो वेळेवर लिहितो त्याला प्रतिभा नसावी.

तारखेच्या बाबतीत ते पंचांग बघतात. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ते १२ नोव्हेंबरला गेलं. त्या वर्षी झाडून सगळ्या लेखकांनी ‘अधिक महिना आहे, घाई काय’ म्हणून ताणून दिली आणि गणपती उठले तरी निम्मा अंक कोरा होता. यांचा लेख नारळी पौर्णिमेला आला. शिवाय युनिकोडमध्ये. ज्यांनी दुसऱ्याच्या जुन्या फाँटमधली फाइल कधी उघडली आहे, ज्यांनी ‘कर्तृत्व’ या शब्दाचा रफार शेजारच्या शब्दावर जाऊन बसलेला पाहिला आहे, त्यांनाच या सौजन्याची किंमत कळेल. सोबत पीडीएफ, म्हणजे जोडाक्षर मोडलं तर ताडून बघता यावं. फाइलला स्वतःचं नाव, लेखाचं नाव आणि साल. बाकीच्यांच्या फायलींची नावं ‘लेख’, ‘लेख नवा’ आणि ‘लेख फायनल फायनल’ अशी असतात. एक ज्येष्ठ कवी तर हस्तलिखिताचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यात चौथ्या पानावर त्यांचा अंगठा असतो.

चित्रकारासाठी वेगळी चिठ्ठी : ‘लेखातल्या मावशी पंजाबी ड्रेस घालतात आणि स्कूटर चालवतात. कृपया त्यांना खिडकीशी उभं करू नये.’ चित्रकारानं तरीही त्यांना खिडकीशी उभं केलं. पण पंजाबी ड्रेसमध्ये.

आता कोणी म्हणेल, हा माणूस म्हणजे नुसता होयबा. तसं नाही. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत, आणि चांगले चांगले लेखक लिहून देत. आमचे संपादक काही त्या तोडीचे नव्हेत. ते जाहिरात आली की परिच्छेद कापतात. हे गृहस्थ दोन परिच्छेद मुकाट्यानं सोडतात, कधी तिसरा आपण होऊन देऊ करतात. मात्र एखाद्या वाक्यावर अडून बसतात, आणि फोनवर शांतपणे म्हणतात, ‘हे काढायचं असेल तर लेखच राहू द्या, मी नाराज होणार नाही.’ ते वाक्य राहतं. जाहिरात अर्ध्या इंचानं लहान होते.

मानधनाचंही तसंच. किती आणि कधी, हे ते सुरुवातीलाच विचारतात. एकदाच. आकडा ऐकून हसतात, पण मोठ्यानं नाही. ‘मानधनाचं काय घेऊन बसलात!’ असं म्हणणाऱ्या लेखकांपासून संपादकांनी सावध राहावं असं माझं मत आहे. ते न मिळालेले पाचशे रुपये ती मंडळी जन्मभर सांभाळतात.

अंक बाजारात आल्यावर खरी मौज. लेखक मंडळी वसुबारसेलाच आपापल्या लेखाची पीडीएफ साऱ्या ग्रुपांवर सोडतात. अंकाची किंमत चारशे रुपये. लेख फुकट मिळाल्यावर विकत कोण घेणार? हे गृहस्थ मुखपृष्ठाचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘यातला कोकणातल्या विहिरींवरचा लेख जरूर वाचा.’ विहिरींवरचा लेख यांचा नव्हे. विहिरींच्या लेखिकेला रडूच कोसळायचं बाकी होतं, कारण तिच्या नवऱ्यानंही तो वाचला नव्हता. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत अंक पुढे महिनोन्‌महिने फिरत राहतो, वाचकांचे फोन शिमग्यापर्यंत येतात. ‘तुमचा लेख वाचला, पण तुम्ही अमुक गावाला जिल्हा म्हटलंय’, असं म्हणणाऱ्यालाही ते आधी त्याचं गाव विचारतात.

एवढं सगळं असून यंदा मंडळात ठराव झाला की तीच तीच नावं नकोत. नव्या, नामवंत, प्रतिभावान लेखकाला सांगायचं. सांगितलं. त्यांनी श्रावणात होकार भरला, भाद्रपदात विषय बदलला आणि सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या रात्री कळवलं की आतून काही येत नाही. छापखान्यात चार पानांचं भगदाड. रात्री साडेदहाला संपादकांनी घसा साफ करून या गृहस्थांना फोन लावला, आधी तब्येतीची चौकशी केली, मग पावसाची.

‘चार पानं म्हणजे चित्रासकट, की चित्र सोडून?’ पलीकडून आवाज आला.