मस्तगडची चौथाई

पाळीव मांजराच्या लठ्ठपणाची चर्चा सहसा मालकापाशी सुरू होते आणि मालकापाशीच संपते, ही या विषयावरील लेखनाची मूळ उणीव आहे. कारण जिथे दोन घरांत एकच भिंत असते, गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि एकाच्या स्वयंपाकघराची खिडकी दुसऱ्याच्या ओट्यावर उघडते, अशा जुन्या वस्तीत बोक्याचे पोट मालकाच्या अखत्यारीत राहतच नाही. जालना शहरातील मस्तगड हा परिसर या अभ्यासासाठी विशेष सोयीचा होय. प्रस्तुत विवेचनात ‘बोका’ म्हणजे प्रौढ नर मांजर, ‘मालक’ म्हणजे त्या बोक्याच्या लसीचे, औषधांचे आणि दवाखान्याचे पैसे भरणारी व्यक्ती, आणि ‘पोशिंदा’ म्हणजे यांपैकी कशाचेही पैसे न भरता त्याला जेवू घालणारी व्यक्ती, अशा व्याख्या गृहीत धरल्या आहेत. एका मालकामागे पोशिंदे किती असावेत याला शास्त्रात मर्यादा सांगितलेली नाही, आणि मस्तगडात ती कोणी पाळलीही नसती.

मस्तगड हा मुळात जालन्याचा किल्ला. 1724 साली साखरखेर्ड्याच्या लढाईत विजय मिळवून निजाम-उल-मुल्क आसफजाह दख्खनचा स्वतंत्र धनी झाला, आणि त्याच्या हुकुमावरून काबिल खानाने 1725 मध्ये हा गढीवजा कोट बांधला, असा इतिहास आहे. मात्र या प्रदेशातला वसूल त्या काळी एकट्या धन्याच्या पदरात पडत नव्हता. 1719 च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे त्यावर आणखी दहावा हिस्सा, गोळा करण्याचा हक्क मिळाला होता. निजामाला तो मान्य नव्हता, आणि पालखेडच्या पराभवानंतर 1728 मध्ये मुंगी-शेवगावच्या तहात त्याला तो मान्य करावा लागला. एकाच गावावर दोन सत्तांचा अंमल चालतो आणि दोघांचे कमाविसदार एकाच रयतेच्या दारात उभे राहतात, या व्यवस्थेला दुअंमल म्हणत. आजच्या मस्तगडात ही व्यवस्था फक्त बोक्यांच्या बाबतीत शिल्लक आहे आणि तीही उलट्या अंगाने: येथे धनी अनेक असून कमाविसदार एकच आहे, तो दररोज वसुलीला निघतो, आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या घराकडे त्यातला छदामही येत नाही. उरते ती तेवढी देणेदारी.

वसुलीचा मार्ग ठरलेला असतो. पहाटे दूधवाल्याची सायकल वाजते, तेव्हा बोका पहिल्या पोशिंद्याच्या उंबऱ्यावर हजर असतो आणि पातेल्यातली कच्च्या दुधाची धार आधी बशीत व मग गॅसवर जाते. साडेआठच्या सुमारास शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डब्यातली अर्धी पोळी दुधात कुस्करून दुसऱ्या घरी तयार असते. दहा वाजता मटणाच्या दुकानापुढे छिछडे, म्हणजे मटण साफ करताना निघणाऱ्या चरबीच्या व पडद्याच्या पट्ट्या, मिळतात. दुपारी दुधावरची साय, संध्याकाळी बिर्याणीच्या डेगीतली खरवड, आणि रात्री एखाद्या निरुपद्रवी सेवानिवृत्त गृहस्थाकडून त्यांच्याच पथ्याच्या ताटातला, त्यांना वर्ज्य असलेला तुपाचा गोळा. बोक्याला धर्म, जात, पंथ आणि पोटजात यांपैकी कशाचेही वावडे नसल्यामुळे श्रावणात एका आळीचा हिस्सा कमी झाला की तो दुसऱ्या आळीकडून भरून घेतो, आणि पितृपक्षात कावळ्यासाठी गच्चीवर ठेवलेल्या पानाचा निकाल कावळा येण्याआधी लावतो. पूर्वज तृप्त झाले, असा निष्कर्ष खाली बसलेले कुटुंब काढते. तृप्ती झालेली असते हे खरेच आहे.

यातल्या प्रत्येक घरी उच्चारले जाणारे वाक्य मात्र एकच असते: “अवो काकू, उपाशीच फिरायलंय की हे बिचारं!” हे वाक्य ज्याला उद्देशून म्हटले जाते त्या प्राण्याचे पोट त्या क्षणी उंबऱ्याला घासत असते. मराठीतील एका म्हणीप्रमाणे दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, कारण प्रत्येक घर तो दुसरीकडे जेवून आला असे धरून चालते. बोक्याच्या बाबतीत प्रत्येक घर तो दुसरीकडे उपाशी राहिला असे धरून चालते, आणि सगळा फरक येथेच पडतो. पाहुण्याबद्दल माणसाला शेजाऱ्याच्या उदारपणाचा विश्वास वाटतो. मांजराबद्दल शेजाऱ्याच्या कंजूषपणाचा. ‘बिचारं’ या शब्दाचा रोख बोक्याकडे असला, तरी त्याचा नेम मालकाच्या घरावर धरलेला असतो, हे दोन्ही बाजूंच्या गृहिणी जाणतात आणि म्हणूनच त्यावर कोणीच काही बोलत नाही.

‘मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढू नये’ हा या व्यवहाराचा सर्वमान्य आधार आहे. त्यातील ‘मुके’ हे विशेषण तपासून पाहावे लागते. प्रौढ मांजरे एकमेकांशी म्याव करून क्वचितच बोलतात. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेला आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिले, की खाणे मागताना मांजर जी घरघर करते तिच्यात तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता एक उंच स्वर दडलेला असतो, आणि कधीही मांजर न पाळलेल्या माणसालाही ती घरघर निकडीची वाटते. म्हणजे पोशिंद्याच्या हृदयाला जो पाझर फुटतो, तो ज्याने फोडला त्याला नळ कुठे आहे हे आधीपासून ठाऊक असते.

आता हिशोबाकडे वळणे आवश्यक आहे, कारण पुण्याचा हिशोब सर्वत्र ठेवला जातो आणि कॅलरींचा कोणीच ठेवत नाही. चार किलो वजनाच्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. नसबंदी झालेल्या बोक्याला, ज्याची भूक शस्त्रक्रियेनंतर वाढते पण गरज साधारण पाव हिश्श्याने घटते, त्याहूनही कमी. म्हशीच्या दुधाच्या दीडशे मिलिलिटरच्या एका वाटीत दीडशेहून अधिक कॅलरी असतात. पहाटेची ती एक वाटी बोक्यासाठी जे काम करते तेच काम माणसाच्या बाबतीत करायचे झाले, तर त्याला दात घासण्यापूर्वी दहाएक पोळ्या खाव्या लागतील, आणि त्यानंतर साडेआठ वाजता पुन्हा कोणी तरी तो उपाशी असल्याचे जाहीर करावे लागेल. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नीट पचत नाही, त्यामुळे दुधाचा मेद अंगी लागतो आणि उरलेले दूध मालकाच्या सतरंजीवर परत येते. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे अत्यावश्यक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते त्याला मांसातूनच मिळवावे लागते, तर गोड चव ओळखणारा ग्राही त्याच्या जिभेवर नसतो, हे 2005 मधील संशोधनाने स्पष्ट केले. तरीही मस्तगडात मुलाच्या निकालाचा पेढा बोक्याला भरवला जातो, ‘तोंड गोड’ केले जाते, आणि ते गोड झाले नसल्याचे सांगण्याची सोय त्याच्याकडे नसते. कांदा-लसणाच्या रश्श्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात ही बाब त्याहून गंभीर आहे, परंतु रश्श्यात कांदा नसावा असे म्हणणाऱ्याचे मराठवाड्यात फारसे ऐकले जाणार नाही.

येथे आग्रह या संस्थेचा विचार करावा लागतो. आग्रह म्हणजे नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढण्याची कला. तिची कसोटी जावयावर लागते आणि तिचा कळस अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, पाहायला मिळतो. परंतु जावई तीन वर्षांतून एकदा हक्काने येतो, नको म्हणतो, आणि रुसतोही. बोका रोज येतो, नको म्हणत नाही, आणि वाढणारीच्या पायात घोटाळतो. पंगतीच्या इतिहासात असा पाहुणा मिळालेला नव्हता, म्हणून त्याच्यासाठी बारा महिने धोंड्याचा महिना चालू राहतो.

दुसऱ्याच्या पोटावर पुण्य कमावण्याची ही ओढ केवळ जालन्यापुरती नाही. 2025 च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईतील दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, तेव्हा दाणे टाकणाऱ्यांनी रस्त्यावर येऊन ती ताडपत्री फाडली. त्याच महिन्यात भटक्या कुत्र्यांना कोठे खाऊ घालावे, यावर सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. मांजराचे प्रकरण भारतात इतक्या वर गेलेले नाही, परंतु लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील ओझी नावाच्या बोक्याला शेजारीण खाऊ घालते म्हणून त्याचे मालक न्यायालयाची पायरी चढले, त्यांनी हजारो पौंड वकिलांना दिले, आणि 2020 मध्ये त्या प्रकरणात तडजोड झाली. मस्तगडात हा मार्ग शक्य नाही. ज्या घरावर दावा लावायचा त्याच घरातून उद्या विरजण, परवा शिडी आणि गणपतीत खुर्च्या आणायच्या असतात.

परंपरेने मांजराला केव्हाच ओळखले होते. महाभारताच्या उद्योगपर्वात एक मांजर हात वर करून तप करते, उंदरांचा विश्वास संपादन करते आणि एकेक करून त्यांना खाते; महाबलीपुरमच्या प्रसिद्ध शिल्पात ते उभ्याने तप करताना कोरलेले आहे आणि पायाशी उंदीर भक्तिभावाने बसले आहेत. मनुस्मृतीत ढोंगी धार्मिकाला ‘बैडालव्रतिक’, म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला, म्हटले आहे. मस्तगडच्या बोक्याने या व्रतात सुधारणा केली असून तप तेवढे ठेवले आहे आणि उंदीर वगळले आहेत. ते त्याच्या समोरून, बहुधा त्याच्या ताटलीतले उष्टे घेऊन, निवांत जातात.

मालकांनी केलेल्या उपायांचा आढावा थोडक्यात घेता येतो, कारण त्यांतला एकही टिकला नाही. गळ्यात पट्टा बांधून त्यावर ‘मला खाऊ घालू नका’ अशी चिठ्ठी लावली, तेव्हा ती वाचून तीन घरांत हळहळ व्यक्त झाली आणि त्या दिवशी बोक्याला वाटीऐवजी पेल्याने दूध मिळाले. घरोघर जाऊन विनंती केली, तेव्हा प्रत्येक घराने ती शेजारच्या घराला लागू असल्याचे मान्य केले. बोक्याला घरात कोंडले, तेव्हा त्याने रात्रभर दार ओरबाडले आणि सकाळी गल्लीने मालकाला क्रूर ठरवले. उपासाचा मार्ग तर धोक्याचा आहे, कारण लठ्ठ मांजराचे खाणे काही दिवस अचानक बंद झाले तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ शकते. वजन आठवड्याला साधारण एक टक्का, इतक्या संथपणे उतरवावे लागते. म्हणजे मांजराला लठ्ठ करणे गल्लीला महिन्याभरात जमते, आणि बारीक करायला मालकाला वर्ष लागते, तेही गल्लीने सुटी घेतली तर.

दवाखान्यातील वजनाचा प्रसंगही नोंदवण्यासारखा असतो. बोका काट्यावर स्वतंत्रपणे बसत नाही, म्हणून मालक त्याला उचलून काट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, आणि दोन आकड्यांतला फरक बोक्याच्या खाती जमा होतो. फरक साडेसात किलोचा निघतो. बरगड्या हाताला लागत नाहीत, वरून पाहिले असता कंबर दिसत नाही, एवढे पाहून पशुवैद्य नऊपैकी नऊ गुण देतात, आणि शिक्षणक्षेत्राशी संबंधित मालक क्षणभर सुखावतो. या मोजपट्टीवर पाच गुण उत्तम असतात, हे त्याला नंतर कळते. पोटाखाली लोंबते ती कातडीची नैसर्गिक घडी आहे, असा बचाव तो करून पाहतो. अशी घडी मांजरांना असते हे खरे आहे, परंतु ती चालताना हलते. येथे घडी स्थिर असते आणि मांजर तिच्याभोवती हलते.

अखेरीस पशुवैद्यांच्या सल्ल्यानुसार एक तह सुचवला जातो. त्यानुसार दिवसाचे मोजलेले कोरडे खाद्य मालकानेच लहान डब्यांत भरून घरोघर पोचवायचे, आणि पोशिंद्यांनी आपापल्या वेळी तेवढेच घालायचे, म्हणजे पुण्य त्यांच्याकडे राहील, हिशोब मालकाकडे राहील, आणि बोक्याच्या फेरीत खंड पडणार नाही. मस्तगडातील घरे हा तह आनंदाने स्वीकारतात. डबे वेळेवर पोचतात, रिकामे होऊन धुऊन परत येतात, आणि एखाद्या डब्यातून रिकामा कसा द्यायचा म्हणून मालकासाठी दोन लाडूही येतात. दाणे प्रामाणिकपणे वाढले जातात. ते दुधाच्या बशीच्या डाव्या अंगाला, चटणीच्या जागी, चिमूटभर वाढलेले असतात, आणि बोका डावी बाजू तशीच ठेवून पानावरून उठतो.