फायटरची गढी परत करा

तळघराचं दार बंद आहे. विझार्ड 'नॉक' म्हणतो, दार उघडतं. पुढे दरी लागते, विझार्ड 'फ्लाय' टाकतो. फायटर खेळणारा हातात फासे घोळवत बसलेला. त्याची आठवण होते ती थेट मारामारीला तोंड लागल्यावर.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या विझार्ड विरुद्ध फायटर या जुन्या भांडणात सगळे वारांचे आकडे मोजतात. फायरबॉलचे आठ फासे भारी की तलवारीचे चार वार? हा हिशोबच चुकीचा. लढाईत फायटर खमकाच आहे. लढाई संपली की त्याला कामच उरत नाही, खरं दुखणं ते.

आणि हे दुखणं जन्मजात नाही. 1978च्या खेळाडूंच्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. चार बाजूंच्या एका फाशावर त्याचा जीव, आणि मंत्र म्हणताना टोला बसला की मंत्र वाया. फायटर मात्र नवव्या लेव्हलला गढी बांधायचा, आसपासचा मुलूख साफ करायचा आणि शिपाई पदरी बाळगायचा. त्याच्याकडे मंत्र, याच्याकडे माणसं!

2000च्या तिसऱ्या आवृत्तीनं जादूगाराच्या बेड्या सैल केल्या, फायटरचा शिपायांवरचा हक्क काढला आणि त्याच्या हाती ठेवली ती वार करण्याचीच आणखी कसबं. 2008मध्ये सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती मिळाल्या. सगळे सारखेच वाटतात म्हणून बरेच खेळाडू कुरकुरले. 2014मध्ये गाडी पुन्हा 2000च्याच वाटेवर. विझार्डला सतराव्या लेव्हलला 'विश' घेता येतं, म्हणजे जगाचे नियम वाकवायची मुभा. फायटरला विसाव्या लेव्हलला काय? चौथा वार.

2024च्या नियमांत फायटरला 'सेकंड विंड' ही दम परत मिळवायची शक्ती खर्चून हुकलेली कौशल्याची चाचणी सावरता येते. पाऊल योग्य दिशेनं आहे, पण फारच छोटं.

'बिनजादूचा माणूस आणखी करणार काय?' या प्रश्नाचा मला संताप येतो. माणसं जमवणं, त्यांना धीर देणं, शत्रूच्या सरदाराशी बोलणी करणं, ही काय जादू आहे?

खेळ चालवणाऱ्या डीएमनी नव्या पुस्तकाची वाट पाहू नये. पुढच्याच सेशनला फायटरला पडकी का होईना, गढी द्या. चाळीस माणसं द्या, त्यांतल्या चौघांना नावं द्या. आणि त्या तळघराच्या दारावर असा पहारेकरी उभा करा, जो पूर्वी त्याच्याच हाताखाली लढला होता.